ब्रेकचं काम झालं आणि पेडल तळाला गेलं: हवा काढत बसण्याआधी हे पाहा

पॅड नवे, डिस्क नवी, चाकं आवळून झाली, गाडी जॅकवरून खाली आली; आणि पेडलवर पाय ठेवला तर ते थेट मॅटला टेकतं. बहुतेकांचं निदान ठरलेलं असतं: हवा धरली. मग चाकापाशी असलेलं, हवा काढायचं निपल सोडायचं, ऑइल ओतायचं, पुन्हा निपल सोडायचं. अर्ध्या लिटरची बाटली संपते आणि पेडल असतं तिथेच. हवा हे कारण असू शकतं, पण प्रत्येक वेळी नाही. आणि हवाच असली तरी ती कुठे अडकली आहे हे न बघता ऑइल वाहू दिल्याने ती निघत नाही. पेडल नक्की कसं वागतंय हे आधी नीट पाहिलं, तर पाना हातात घेण्याआधीच शोध दोन-तीन जागांवर येऊन थांबतो.

सगळ्यात आधी साधी गोष्ट. जाड नवे पॅड बसावेत म्हणून कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन आपण पूर्ण आत ढकललेला असतो. तो पुन्हा पॅडपर्यंत यायला पेडलचे बरेच धक्के लागतात. गाडी जागेवर उभी, इंजिन बंद, आणि पेडल शेवटपर्यंत न नेता अर्ध्या अंतराचे सावकाश दाब द्यायचे. गोव्यात कितीतरी घरांसमोरची वाट रस्त्याकडे उतरती असते. चाकाचे नट आवळल्याबरोबर गाडी मागे घेतली, की पहिल्या ब्रेकला काही लागतच नाही आणि फाटक दोन हातांवर असतं. तेव्हा पेडल कडक लागेपर्यंत गिअर टाकायचा नाही, चाकाखालची दगडं काढायची नाहीत. पंप मारून झाल्यावर ऑइलच्या डबीतली पातळी पुन्हा पाहायची, कारण पिस्टन पुढे आले की ती उतरते.

या रिकाम्या अंतराला किती ऑइल लागतं याचा हिशोब एकदा मांडून पाहिला की पुढचं बरंच काही सोपं होतं. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटर व्यासाचा धरा. तो १ मिलिमीटर पुढे सरकायला सुमारे २.३ सीसी ऑइल लागतं. पेडल दाबल्यावर ऑइल लायनीत ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) २०.६ मिलिमीटर असेल, तर तेवढं ऑइल ढकलायला त्याचा पिस्टन जवळजवळ ७ मिलिमीटर सरकतो. पेडलचं गुणोत्तर ४ ला १ धरलं (पिस्टन १ सरकायला पाय ४ जातो) तर पायाखाली २७ मिलिमीटर गेले. हे एका चाकाच्या १ मिलिमीटर फटीचं. पुढच्या दोन्ही चाकांना तेवढीच फट असेल तर साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे पेडलची बरीचशी चाल संपली. लायनीत हवेचा एक बुडबुडा नसतानाही पेडल तळाला जाऊ शकतं ते असं. उलट १ सीसी हवा राहिली असेल, तर १० बार दाबाला ती आकसून दहाव्या हिश्शाच्या आसपास येते आणि पेडलचे ११-१२ मिलिमीटर खाते. म्हणजे थोड्याशा हवेने पेडल मऊ होतं, पण एकदम तळाला नेणारं कारण बऱ्याचदा दुसरंच असतं.

पेडल काय सांगतंय

इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा, म्हणजे बूस्टरमधला, पायाच्या जोराला हातभार लावणारा, व्हॅक्यूम संपेल. आता जोराने दाबून तीस सेकंद धरून ठेवा. लक्ष पायाकडे.

पहिला दाब खोल जातो, लगेच दुसरा-तिसरा मारला की पेडल वर येतं आणि वर आल्यावर भिंतीला पाय लावल्यासारखं घट्ट लागतं: ही फट आहे, हवा नाही. मागच्या ड्रममधले लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) अॅडजस्ट झालेले नाहीत, पॅड अडकून बसलेत किंवा डिस्क डगमगतेय.

पंप मारल्यावर वर येतं, पण वरही लवचिक लागतं, पाय दाबत गेलो की थोडं थोडं आत जातं: ही हवा. किंवा फुगणारा जुना रबरी होज. किंवा ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिना जाम झाल्यामुळे वाकडा बसलेला कॅलिपर.

घट्ट लागतं, पण धरून ठेवलं की हळूहळू खाली सरकतं: कुठून तरी ऑइल निसटतंय. बाहेर ओल दिसली तर जोड. कुठेच ओल नाही तर मास्टर सिलिंडरच्या आतला वायसर (ऑइल अडवणारं रबर).

पेडल उंच आणि दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही: हा दाबाचा प्रश्नच नाही. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा राहिला असेल. नाहीतर बूस्टरचा व्हॅक्यूम पाईप निघाला असेल. इथे हवा काढण्यात एक मिनिटही घालवू नका.

एक गैरसमज मात्र वारंवार दिसतो. इंजिन बंद असताना पेडल छान कडक, आणि पाय ठेवूनच स्टार्टर मारला की ते थोडं खाली बसतं, लगेच ओरड, "परत गेलं!" ते बसायलाच हवं. बूस्टर काम करतोय याची ती खूण आहे. नाही बसलं तर बूस्टर पाहायचा.

मागच्या ड्रमकडे कुणी बघत नाही

काम पुढच्या पॅडचं असलं तरी मागे ड्रम असलेल्या गाड्यांत पेडलची उंची बरीचशी मागचे लायनर ठरवतात. नवे लायनर घातले असतील तर विचारायलाच नको. ड्रम चढावा म्हणून लायनर आत-बाहेर करणारा अॅडजस्टर पूर्ण आत फिरवलेला असतो आणि तो तसाच राहतो. "आपोआप अॅडजस्ट होतो" या विश्वासावर ड्रम बंद केला जातो, पण ते आपोआप होणं फट मुळात थोडी असेल तरच नीट चालतं.

यासाठीची परीक्षा एका मिनिटाची आहे. हँडब्रेक नेहमीपेक्षा दोन खाचा जास्त ओढा आणि मग पेडल दाबा. पेडल एकदम वर आलं, तर दोष मागच्या फटीत आहे. हँडब्रेकने लायनर ड्रमला आधीच टेकवलेले असतात, त्यामुळे त्यांना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरला भरायला फट उरत नाही. ज्यांच्या मागच्या डिस्कच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक आहे, त्यांनाही हीच परीक्षा लागू पडते.

अॅडजस्ट करताना आधी हँडब्रेकची केबल सैल सोडायची, हा क्रम महत्त्वाचा. केबल ताणलेली असताना लायनर पूर्ण मागे टेकत नाहीत आणि सगळं माप चुकतं. मग अॅडजस्टर फिरवत न्यायचा, ड्रम हाताने फिरवताना किंचित घासल्याचा आवाज येईपर्यंत. पेडल दोनदा दाबून लायनर मध्यावर येऊ द्यायचे, पुन्हा फिरवून बघायचं, जास्त घासत असेल तर एक-दोन दाते मागे. केबल सगळ्यात शेवटी. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या अॅडजस्टरचे आटे उलट असतात. दोन्ही ड्रम एकदम उघडून सुटे भाग एकाच ताटात ठेवले की अदलाबदल होते, आणि मग तो अॅडजस्टर फट कमी करण्याऐवजी वाढवत नेतो. एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बघून जुळवायला राहते. ड्रमच्या आत कोरलेला कमाल व्यासही वाचून घ्या. त्याच्या पुढे झिजलेल्या ड्रमात नवे लायनर घालून पेडल वर येणार नाही.

मागे डिस्क असेल आणि हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर तो पिस्टन सी-क्लॅम्पने दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो. जोर लावून दाबला तर आतली अॅडजस्टिंग यंत्रणा जाते आणि कॅलिपरच बदलावा लागतो. फिरवून झाल्यावर पिस्टनची खाच पॅडच्या मागच्या खुंटीसमोर आली पाहिजे, नाहीतर पॅड तिरका बसतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने सर्व्हिस मोड लावायचा.

निपल वर आहे ना?

कॅलिपर बदलल्यानंतर कितीही ऑइल काढलं तरी पेडल स्पंजीच राहत असेल, तर खाली वाकून एवढंच बघा: हवा काढायचं निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या? डावा कॅलिपर उजवीकडे बऱ्याचदा बिनतक्रार बसतो. बोल्ट जुळतात, होज पोहोचतो. फक्त निपल खाली जातं, हवा वरच्या पोकळीत बसून राहते आणि खालून स्वच्छ ऑइल येत राहतं. नळीत एक बुडबुडा नाही, म्हणून मालक समाधानी आणि पेडल मऊ. उपाय एकच, बाजू बदला. काही कॅलिपर बरोबर बाजूला असूनही निपल अगदी टोकाला नसतं. तिथे कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवून, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी ठोकळा ठेवून, निपल वर येईल असा तिरका धरून हवा काढायची. ठोकळा विसरलात तर पिस्टन बाहेर उडी मारेल.

होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दोन तांब्याचे वॉशर लागतात, एक वर, एक खाली, दोन्ही नवे. जुने एकदा दबलेले असतात, पुन्हा तसे बसत नाहीत.

हवा काढण्याचं तंत्र बहुतेकांना माहीत असतं, घोळ होतो तो बारकाव्यांत. दोघांनी करायचं असेल तर हाका ठरवून घ्या: "दाब", "धर", आणि निपल बंद झाल्यावरच "सोड". निपल उघडं असताना पाय सुटला की नळीतली हवा परत आत. पारदर्शक नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं असू द्या. पेडल भराभर मारू नका, त्याने एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात आणि ते लायनीत चिकटून बसतात. क्रम गाडीच्या पुस्तकात दिलेला पाळा. पुस्तक नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून साधारणपणे मागचं डावं. व्हॅक्यूम पंपाने काढत असाल आणि बुडबुडे संपतच नसतील तर घाबरू नका. ती हवा निपलच्या आट्यांतून ओढली जात असते, लायनीतून नव्हे. व्हॅन किंवा पिकअपला मागच्या अॅक्सलवर वजनानुसार चालणारा वाल्व्ह असेल, तर मागची चाकं लोंबकळत असताना तो मागचं ऑइल अडवतो. अशी गाडी चाकांवर उभी ठेवूनच काढा.

एकटेच असाल तर सगळ्यात कमी त्रासाची पद्धत म्हणजे डबीचं झाकण सैल करून, एका चाकाचं निपल उघडून पंधरा-वीस मिनिटं थेंब थेंब पडू द्यायचं. डबी मात्र रिकामी होऊ द्यायची नाही. ती एकदा कोरडी पडली की हवा मास्टर सिलिंडरमध्ये शिरते आणि तिथली हवा चाकापाशी बसून काढणं जिकिरीचं होतं. तेव्हा मास्टर सिलिंडरच्या भोकांना आखूड नळ्या लावून, त्या डबीत परत वळवून, पिस्टन सावकाश हलवत बुडबुडे थांबेपर्यंत भरायचा. नवा मास्टर सिलिंडर बसवतानाही हेच आधी, टेबलावर.

आपल्या किनाऱ्यावर अडचण वेगळीच येते: निपल सुटतच नाही. मोरजी, बाणावली, काणकोण, कुठेही समुद्राजवळ उभी राहणारी गाडी असेल आणि निपलची रबरी टोपी गेलेली असेल, तर खारी हवा आटे पकडून बसते. दोनतोंडी साध्या पान्याने जोर लावला की डोकं गोल होतं, नाहीतर निपल मानेपाशी तुटतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी सहा बाजूंनी धरणारा रिंग पाना किंवा बॉक्स वापरा, आधी किंचित आवळून मग सोडा. मागच्या व्हील सिलिंडरचं निपल तुटलं तर खटपट न करता सिलिंडरच बदला. आणि हे काम दुपारी एकला सुरू करू नका. निपल तुटायचं तेव्हाच तुटतं आणि पणजी-म्हापशातली स्पेअर पार्टची दुकानं दुपारच्या झोपेला बंद असतात.

जुन्या मास्टर सिलिंडरचा घात

काम करण्याआधी पेडल ठीक होतं, हवा काढून झाल्यावर मात्र हळूहळू सरकायला लागलं. हे नेहमी घडतं आणि बिल नव्या पार्टवर फाडलं जातं. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन बोअरच्या काही भागातच पुढे-मागे होतो. त्यापुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साचलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की वायसर त्या खरखरीत भागावरून घासतात आणि कापले जातात. म्हणून पाच-सात वर्षांच्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून पूर्ण चाल होऊच द्यायची नाही.

खात्री करायची तर डबीचं झाकण उघडून एकाला पेडल दाबून धरायला सांगा. पेडल सरकत असताना डबीत ऑइल ढवळताना किंवा पातळी वर येताना दिसली, तर आतून परत येतंय. तसं न दिसता ऑइल कमी होत असेल तर बूस्टरकडचे दोन नट सोडून मास्टर सिलिंडर किंचित पुढे ओढा. मागे ओल, बूस्टरचा रंग फुगलेला किंवा सुटलेला: मागचा वायसर गेला. आणखी पक्कं करायचं तर मास्टर सिलिंडरची बाहेर जाणारी भोकं त्याच आट्यांच्या प्लगने बंद करून पेडल दाबा. आता ते वरच, घट्ट आणि स्थिर राहिलं तर मास्टर सिलिंडर निर्दोष, दोष पुढे लायनीत किंवा एबीएसच्या (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वाल्व्हमध्ये.

मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर बदलला असेल तर दोघांच्या मधल्या दांडीचं माप जुन्याशी जुळवा. दांडी आखूड पडली तर पेडल आधी पोकळ जातं. लांब झाली तर ऑइल डबीत परत यायची वाट बंद होते आणि ब्रेक तापून चाकं धरतात.

खारी हवा, पावसाळा आणि ऑइल

नवी डिस्क गंजलेल्या हबवर तशीच चढवली की ती किंचित डगमगत फिरते आणि पॅडला सारखी मागे ढकलते. उभ्या गाडीत पेडल उत्तम, एक-दोन किलोमीटर गेलं की पहिला ब्रेक खोल, दुसरा ठीक. हवा काढून हे कधीच जाणार नाही. डिस्क काढून हबचा तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा. कॅलिपरच्या पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. त्यांना सिलिकॉन किंवा रबरासाठीचंच ग्रीस. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं की रबर फुगून पिना पुन्हा अडकतात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ते शोषायला कमी पडत नाही. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर १४० पर्यंत उतरू शकतं. डॉट ४ ची मापं २३० आणि १५५. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटाच्या उतारावर ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाडीला हा फरक कळतो: ऑइल उकळतं, वाफ होते, पेडल जातं, आणि गाडी थंड झाली की परत येतं. कपाटात वर्षभर उघडी राहिलेली बाटली वापरायची नाही. पूर्ण ऑइल बदलायला १ लिटर घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. सिलिकॉनचं डॉट ५ यांत मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

डबीत कुणी इंजिन किंवा स्टिअरिंगचं तेल ओतल्याची शंका असेल, तर थोडं काढून पेलाभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर हवा काढणं विसरा. मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचं सगळं रबर फुगलेलं असतं आणि तेवढं सगळं बदलावं लागतं.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं आहे, म्हणून हेही. फक्त पॅड, कॅलिपर किंवा होज बदलला असेल तर नेहमीच्या पद्धतीने हवा निघते. डबी कोरडी पडली असेल किंवा एबीएसचा ठोकळा उघडला असेल, तर हवा त्याच्या वाल्व्हमागे राहते आणि स्कॅनरने पंप फिरवल्याशिवाय सुटत नाही. अशी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, उचलूनच न्यायची.

सगळं जुळल्यावर इंजिन चालू ठेवून तीस सेकंदांचा दाब पुन्हा द्या, आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर २० च्या वेगाने, नंतर ४० ने. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करण्याआधी डबीतली पातळी पाहा. बोटभर उतरली असेल, तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून ओल शोधा.